सहा ब्लॉकवरचं घर

ताई,
सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. मिस्टरांना संशोधनाचं काम मिळालं म्हणून चार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला आलो. मॅनहॅटनमध्ये कोलंबिया विद्यापीठाला लागून, ११९व्या स्ट्रीटवर आमचं भाड्याचं घर आहे. लेक बारा वर्षांची, सातवीत. तिची इथली पहिली आणि सगळ्यात जवळची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. मुलगी गोड आहे, अभ्यासू आहे. आमच्यापासून सहा ब्लॉकवर, म्हणजे सहा गल्ल्या पलीकडे, ग्रँट हाउसेस या सरकारी वसाहतीत राहते. शनिवारी ती आमच्याकडे येते. आमच्या इमारतीचा डोअरमन तिला दर वेळी थांबवतो, कुठे जायचंय विचारतो, वर फोन करून खात्री करतो. लेकीच्या बाकीच्या मैत्रिणी हात हलवून सरळ लिफ्टकडे जातात. हे लेकीने मला दाखवून दिलं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा वाढदिवस होता. तिने लेकीला रात्री राहायला बोलावलं. ‘त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत’ असं सांगून मी नाही म्हटलं. पाहुणे कोणीच नव्हते. लेकीला ते कळलं. ती म्हणाली, “तू खोटं बोललीस. तिचं घर तिकडे आहे म्हणून ना? मग तुझ्यात आणि खालच्या डोअरमनमध्ये फरक काय?” तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मैत्रीणही दोन शनिवार आलेली नाही.

ताई, मी वर्णद्वेषी आहे का? मला फक्त काळजी वाटते. त्या बाजूच्या बातम्या कानावर येतात. आणि आम्ही तर इथे उपरे. यांच्या आपसातल्या जुन्या भांडणाशी आपला काय संबंध? एवढ्याशा मुलीला ही विषमता समजावून सांगायची तरी कशी? तिचं बालपण कडवट होऊ नये, एवढंच वाटतं.
— एक आई, न्यूयॉर्क

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. तिने आईला आणि दारावरच्या माणसाला एका रांगेत उभं केलं, ते तुम्हाला लागलं, आणि तरी तुम्ही ते जसंच्या तसं लिहून पाठवलंत. दुसरं कोणी ते वाक्य गाळून बाकीचं पत्र लिहिलं असतं. तुम्ही गाळलं नाहीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता बोलते.

‘मी वर्णद्वेषी आहे का’ याचं हो-नाही असं उत्तर मी देणार नाही. ते मिळालं की माणूस एकतर रडत बसतो नाहीतर निर्धास्त होतो, आणि दोन्हींतून त्या मुलीच्या हाती काहीच लागत नाही. आधी तिचं काय झालं ते पाहू. तिने वाढदिवसाला आपल्या लाडक्या मैत्रिणीला राहायला बोलावलं. तिच्या आईने झोपायला जागा कुठे करायची ते ठरवलं असेल, केक केवढा आणायचा ते ठरवलं असेल. मग निरोप आला, पाहुणे येणार आहेत. खोटे पाहुणे तुमच्या लेकीला ओळखता आले, मग तिला का येणार नाहीत? उलट तिला अशा निरोपांची जास्त सवय असणार. दोन शनिवार ती का आली नाही, याचा वेगळा शोध घ्यायला नको.

आता तुमची काळजी. ती मी खोटी म्हणत नाही. परक्या शहरात, मागेपुढे नातलग नसताना, बारा वर्षांच्या मुलीला परक्या घरी झोपायला पाठवायचं म्हणजे पोटात गोळा येणारच. पण ही काळजी खरी असली की ती प्रश्न विचारते. घरी मोठं माणूस कोण असेल, अजून कोण कोण मुली येणार, सकाळी किती वाजता घ्यायला येऊ, रात्री फोन करता येईल का. यातला एकही प्रश्न तुम्ही त्या मुलीच्या आईला विचारल्याचं पत्रात नाही. ब्रॉडवेवरच्या एखाद्या मैत्रिणीचं बोलावणं असतं तर हे चारही प्रश्न विचारून तुम्ही हो म्हणाला असतात. इथे मात्र पत्ता ऐकूनच उत्तर ठरलं. तुमच्या लेकीने नेमकं तेवढंच पकडलं.

मी हे वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. मी दादरला हिंदू कॉलनीत वाढले. माझी शाळेतली मैत्रीण नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची, आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. आमचं घर तीन खोल्यांचं, गॅलरी वेगळी. तिचं घर म्हणजे एकशे साठ चौरस फुटांची एक खोली, सात माणसं, आणि संडास मजल्याच्या टोकाला. ती आमच्याकडे यायची तेव्हा आई तिला डिशमध्ये लाडू द्यायची, अगदी प्रेमाने द्यायची, पण ती बसायची ती दारालगतच्या बाकावर. आत ये असं तिला कोणी म्हणत नसे आणि आत येऊ नको असंही कोणी म्हणत नसे. कॉलनीतच बाबासाहेबांचं राजगृह. ६ डिसेंबरला तिथे माणसांची रीघ लागायची आणि त्या दिवशी मला खाली खेळायला सोडत नसत. मी गॅलरीतून बघायचे. त्याच गर्दीत माझी मैत्रीण आजीचा हात धरून उभी असायची. तिने वर बघितलं की मी आत व्हायचे. का व्हायचे, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा मी घरी न सांगता तिच्याकडे गेले. तिच्या आईने ट्रंकेतली घडीची चादर काढून पलंगावर अंथरली, धाकट्याला पिटाळून माझ्यासाठी गोल्ड स्पॉट आणवलं, आणि मी पिऊन होईपर्यंत बाकीची भावंडं भिंतीला टेकून बघत राहिली. मग तिने विचारलं, “आईला सांगून आलीस ना?” मी हो म्हटलं. तिला ते पटलं नसावं. निघताना ती पायात चप्पल सरकवून माझ्याबरोबर निघाली, टीटीचा रस्ता ओलांडून दिला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिथूनच मागे फिरली. मला वाटलं, किती मायाळू बाई. माया होतीच. पण तिला भीतीही होती, हे कळायला मला मुलं व्हावी लागली. कॉलनीतली पोर चाळीतून परत जाताना पडली, हरवली, रडत घरी गेली, तर बोल कोणाला लागेल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या लेकीच्या मैत्रिणीच्या आईचाही असाच विचार करून बघा. दर शनिवारी ती आपली मुलगी सहा ब्लॉक वर पाठवते, जिथे दारावरचा माणूस तिला रोखणार हे तिला माहीत आहे. मुलीने कदाचित घरी सांगितलं नसेल, पण आयांना कळतं. इतक्या वर्षांत त्या वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला काय आलंय तेही तिने पाहिलंय. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात माणसांना अडवण्याचे आणि पुष्कळदा त्यांची झडती घेण्याचे ६,८५,००० हून जास्त प्रकार केले. अडवलेल्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, आणि दहातल्या जवळजवळ नऊ जणांवर ना अटक झाली ना साधा दंड. २०१३मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. म्हणजे काळजीचा हिशेब मांडायचा झाला तर तुमच्या बाजूला कानावर आलेल्या बातम्या आहेत, आणि तिच्या बाजूला घरातल्या पोरांचे अनुभव. तरी ती पाठवत होती.

आता तुम्ही ज्याला ‘यांचं आपसातलं जुनं भांडण’ म्हणता त्याबद्दल. हा शब्द मनातून काढून टाका. भांडणाला दोन बाजू लागतात. सहा ब्लॉकवर घरांची कळा बदलते, दुकानं बदलतात, शाळेचे निकाल बदलतात, ते भांडणातून झालेलं नाही. कायदे करून, नकाशे काढून, कर्ज देऊन आणि नाकारून ते घडवलं गेलं. मुलीला हे समजावायचं कसं, असं तुम्ही विचारता. माझं म्हणणं, तिला ‘विषमता’ हा शब्द समजावू नका. तिला तुमच्या घराभोवतीचे रस्ते समजावा. तुम्ही अशा ठिकाणी राहता की पुस्तक उघडायचीही गरज नाही.

तुमच्या मागेच मॉर्निंगसाइड पार्क आहे. उंच कडा आणि त्यावरून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. कडा इतका तुटका की शहराची चौकटी आखणी तिथे बसेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे बाग केली. वर विद्यापीठ आलं १८९७ साली. खाली हार्लेम. १९०४मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा हार्लेममध्ये गोऱ्या मध्यमवर्गासाठी बिल्डरांनी भरमसाट इमारती उठवल्या, आणि भाडेकरू मिळेनात. त्या रिकाम्या घरांत कृष्णवर्णीय कुटुंबं आली, शहरात इतरत्र त्यांना कोणी घर देत नव्हतं म्हणून जादा भाडं मोजून आली. गोऱ्या मालकांनी एकमेकांत करार केले की आपलं घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. हे करार टिकले नाहीत, गोरे निघून गेले. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा रंग म्हणजे कर्ज द्यायला उत्तम, लाल म्हणजे धोक्याचं. हार्लेम लाल. ज्या पिढीत बाकीची अमेरिका सरकारी हमीच्या कर्जावर घरमालक झाली, त्या पिढीत लाल रंगातली माणसं भाडं भरत राहिली. आपल्याकडे आजोबांनी घेतलेल्या जागेवर नातवाचं परदेशी शिक्षण होतं, हे तुम्हाला नाशिकला बघून माहीत असेल. तिथे आजोबांना घेऊच दिलं नाही.

मग मैत्रिणीच्या घराची गोष्ट. हा भाग मुलीला जागेवर नेऊन सांगा, कारण डोळ्यांनी दिसतो. १२३व्या स्ट्रीटच्या वर ला साल स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता आहे. त्याच्या एका अंगाला मॉर्निंगसाइड गार्डन्स, दुसऱ्या अंगाला ग्रँट हाउसेस. दोन्ही विटांच्या, दोन्हींत एकवीस मजल्यांच्या इमारती, दोन्ही १९५७च्या आसपास उभ्या राहिलेल्या. लांबून बघणाऱ्याला एकच वसाहत वाटावी. दोन्हीसाठी जुनी वस्ती पाडली, हजारो माणसं उठवली. ‘गलिच्छ वस्ती हटवणं’ असं त्याचं सरकारी नाव होतं, आणि त्यामागे विद्यापीठ आणि आजूबाजूच्या संस्थांची मिळून केलेली एक संघटना होती. डेव्हिड रॉकफेलर तिचे अध्यक्ष. एका बाजूला सहकारी सोसायटी झाली, आधी पैसे भरून सभासद व्हायचं. दुसऱ्या बाजूला सरकारी भाड्याची घरं, कमाई ठरावीक मर्यादेच्या आतच हवी. सोसायटीने सगळ्या वर्णांच्या लोकांना घेतलं, हे तिचं मोठेपण. शाळांमधला वर्णभेद १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोडून काढणारे वकील थर्गुड मार्शल तिथेच राहायचे. पण सभासद व्हायला हाताशी रक्कम हवी, आणि ती कोणाच्या हाताशी होती हे तुम्ही लाल रंगाच्या नकाशावरून ओळखाल.

पुढे सोसायटीच्या सभासदांनी आपल्या इमारती राखल्या. सरकारी घरांचा केंद्राकडून येणारा पैसा आटत गेला. न्यूयॉर्कच्या सरकारी घरांतली हीटिंग, बुरशी, शिशाचा रंग, बंद पडणाऱ्या लिफ्ट यांची अवस्था इतकी झाली की २०१९मध्ये त्यांवर केंद्राने देखरेख करणारा माणूस नेमला. तेव्हा ‘तिकडची लोकं इमारत नीट ठेवत नाहीत’ असं कधी कानावर आलं असेल, तर लक्षात ठेवा, त्या इमारतीचा मालक तिथे राहत नाही. शहराच्या बस चालवणारे, हॉस्पिटलात रात्रपाळी करणारे तिथे भाड्याने राहतात.

एक गोष्ट अजून सांगते, आणि ही ऐकल्यावर तुमची लेक नक्की ताठ बसेल. १९६०च्या दशकात विद्यापीठाला व्यायामशाळा बांधायची होती. जागा निवडली ती त्या बागेच्या उतारावर, म्हणजे सगळ्यांच्या मालकीच्या जमिनीवर. इमारत कड्याला धरून उभी राहणार, आणि दारं दोन. वरचं दार विद्यार्थ्यांसाठी, खालचं हार्लेमच्या लोकांसाठी. खालच्या दाराने जाणाऱ्यांना इमारतीचा छोटासा भाग वापरता येणार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. विद्यार्थ्यांनी या व्यायामशाळेला ‘जिम क्रो’ म्हटलं, पहिला शब्द व्यायामशाळेचा. (मराठीत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फोड करून सांगितलं.) १९६८च्या फेब्रुवारीत खोदकाम सुरू झालं, ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, आणि २३ एप्रिलला विद्यार्थी उठले. त्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले, सातशेच्या आसपास मुलांना धरून नेलं. व्यायामशाळा मात्र तिथे झाली नाही. खोदलेला खड्डा वर्षानुवर्षं तसाच पडून होता, नंतर त्याचं तळं केलं. आज तिथे धबधबा आहे, बदकं आहेत, कासवं आहेत. तुम्ही मुलीला घेऊन तिथे गेलाही असाल. पुन्हा जा आणि तळ्याकाठी बसून तिला ही गोष्ट सांगा. तुमच्या डोअरमनच्या वागण्यात तिला जे दिसलं, त्याची मुळं तिला तिथे दिसतील. तिने एका माणसाचा उद्धटपणा पाहिलेला नाही. दोन दारांची जुनी रीत पाहिली आहे.

बालपण कडवट होईल म्हणता. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. मुलं खऱ्या गोष्टीने कडवट झालेली मला फारशी आठवत नाहीत. त्यांना दिसतंय ते मोठ्यांनी नाकारलं की होतात. आणि माणसांनी केलेली गोष्ट माणसांनी मोडली, हे त्या तळ्याजवळ तिला दिसेल.

‘आपला काय संबंध’ या प्रश्नावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा प्रश्न मला अमेरिकेतून आलेल्या कितीतरी पत्रांत भेटतो. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९४६मध्ये नागरिकत्व खुलं झालं, पण नव्याने येऊ दिलं ते वर्षाला शंभर भारतीयांना. शंभर. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून आज एवढी मुलं जात असतील. दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला तुमच्याच शहरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. त्याआधीच्या वर्षी वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा झाला होता, दोनच महिने आधी मतदानहक्काचा. हे तिन्ही एकाच लाटेवर आले, आणि ती लाट ज्यांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन उठवली त्यांची नातवंडं ग्रँट हाउसेसमध्ये राहतात. तुमच्या मिस्टरांचा व्हिसा त्यांच्या रस्त्यावरच्या चालण्यातून आला आहे.

आणि आपल्या बाजूनेही हा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी मोडायला झटणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर शिकले, त्याच वर्षांत कड्याखाली हार्लेम कृष्णवर्णीयांचं होत होतं. १९४६मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे जातंय असं कळलं होतं, त्याची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तर आलं. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. आपली माणसं तिथे फोटो काढतात. तुम्हीही काढला असेल. फोटोतल्या माणसाला दारात थांबवलं होतं, बाहेर काढलं होतं, बडोद्याला राहायला खोली मिळू दिली नव्हती, हे मुलीला ठाऊक आहे का? नसेल तर त्या तळ्याच्या गोष्टीआधी ही सांगा. आपण फक्त बघे नाही, आपल्या घरांतही दारालगतचे बाक आहेत, हे तिला तुमच्या तोंडून कळू दे. ते पुढे बाहेरून कळलं तर फार वाईट वाटतं. मला वाटलं होतं.

याच ओघात एक विचारते, राग मानू नका. नाशिकला फोनवर बोलताना त्या वस्तीचा उल्लेख तुमच्या घरात कसा होतो? ‘काळ्यांची वस्ती’, ‘ते कल्लू’? मराठीत बोललं की इथे कोणाला कळत नाही, असं आपल्याला वाटतं. बाजूच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला कळतं. घरात असले शब्द असतील तर आजपासून बंद, मिस्टरांसकट.

आता करायचं काय. आज रात्री मुलीजवळ बसा आणि सांगा, “हो, मी खोटं बोलले. तुझं बरोबर होतं. मला भीती वाटली आणि मी ती तपासून पाहिली नाही.” एवढंच. त्याला ‘पण’ जोडू नका. मग तिच्याकडून त्या मुलीच्या आईचा नंबर घ्या आणि मेसेज नको, फोन करा. खोट्या पाहुण्यांबद्दल त्या माउलीची माफी मागायची की नाही, हा प्रश्न तुम्हाला पडेल. लांबलचक माफी मागू नका, तिला तुमचं सांत्वन करत बसावं लागेल. ‘वाढदिवसाला मुलीला पाठवायला हवं होतं, मी नाही म्हटलं ते चुकलं, आम्ही दोघी तुम्हाला भेटायला येऊ का’, इतकं पुरे. ती नाही म्हणाली, तुटक बोलली, तर ऐकून घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. तिला हक्क आहे.

डोअरमनची तक्रार करू नका, निदान आधी नाही. तो कुठल्या वस्तीतून कामाला येतो, तुम्हाला माहीत आहे? पुष्कळदा असे लोक स्वतःच खालच्या वस्तीतून येतात. कोणाला थांबवायचं हे त्याला वर राहणाऱ्यांच्या भुवयांनी शिकवलेलं असतं, आणि चूक झाली तर नोकरी त्याची जाते. खाली जा, त्याला मुलीचं नाव सांगा, कायमच्या पाहुण्यांच्या यादीत घालायला सांगा, आणि स्पष्ट म्हणा, “ही आमच्या घरची आहे, बाकीच्या मुलींसारखीच तिला वर सोडा.” ती पुन्हा यायला लागेल त्या पहिल्या शनिवारी पाच मिनिटं आधी लॉबीत जाऊन उभ्या राहा. तरीही त्याने अडवलं, तर मग इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा, त्या माणसाविरुद्ध नव्हे, सगळ्यांना एकच नियम लावा म्हणून.

मुलीला एक गोष्ट मात्र नीट शिकवावी लागेल. दोघी दुकानात गेल्या, कोणी मागे मागे फिरलं, कोणी पिशवी बघायला मागितली, तर तुमच्या लेकीला राग येईल आणि तिने तिथे आवाज चढवला तर त्याची किंमत मैत्रिणीला मोजावी लागेल. मैत्रीण गप्प राहिली तर तिचं बघून गप्प राहायचं, मग बाहेर येऊन तुम्हाला फोन करायचा. आणि मैत्रिणीला ‘तुला काय वाटतं, तुमच्याकडे असं का असतं’ असले प्रश्न विचारायचे नाहीत. ती बारा वर्षांची आहे. तिलाही नुसतं पिक्चर बघत पिझ्झा खायचा असेल.

शाळेचंही एक. तुमच्या शाळाविभागात एका टोकाला सधन लोकांची अपर वेस्ट साइड आहे आणि दुसऱ्या टोकाला हार्लेम. २०१८मध्ये तिथे ठरत होतं की माध्यमिक शाळांतल्या पाव जागा कमी गुण असलेल्या मुलांना द्यायच्या. तेव्हा पालकांच्या सभेत चांगली शिकलेली माणसं उभी राहून ओरडली होती. असे विषय पुन्हा निघतील, तेव्हा तुम्ही सभेला जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी जा, आणि मुलीच्या मैत्रिणीची आई कुठे बसली आहे ते बघून तिच्या शेजारी बसा.

पण ते पुढचं. आधी तिच्या घरी जा. जाताना जुने कपडे, पुस्तकं असलं काही नेऊ नका. घरी केलेलं काहीतरी न्या, चिवडा चालेल, शेंगदाणे चालतात का ते आधी विचारून घ्या. ती जे पुढे ठेवेल ते खा. मांसाहार करत नसाल तर फोनवरच सांगून टाका, तिथे जाऊन ताट बाजूला सारू नका. घरात इकडेतिकडे बघू नका. लिफ्ट बंद असली तर कदाचित ती तुम्हाला घ्यायला खाली उतरून येईल, आणि परत निघताना ‘मी सोडायला येते’ म्हणेल. नको नको म्हणू नका. तिला तुमच्याबरोबर चालू द्या, आणि ११९व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ती थांबली, तर तिला वर चहाला घेऊन जा.